पतसंस्थेची साखर

“आवं मावशी, साखर आली हाय. तुमी नाव घातलं का न्हाई?”

ऑफिसातले क्लार्क काका लॅबच्या मावशींना विचारत होते. मी त्यांच्याच टेबलाशी परीक्षेचा अर्ज घेऊन उभी होते. हसू इतकं जोरात आलं की मी अर्जानेच तोंड झाकलं. साखर कुठेच आली नव्हती. साखर आल्याचा तो मेल मीच पाठवला होता.

विश्रामबागच्या कॉलेजात माहिती सुरक्षेत एम.टेक. करताना माझा प्रकल्प हाच होता: खोट्या मेलला माणसं कशी फसतात. विभागप्रमुखांची लेखी परवानगी होती. लिंक उघडून पासवर्ड टाकला तरी तो कुठे साठत नव्हता, फक्त फसलेल्यांचा आकडा एकने वाढायचा. अट एकच. मेल कॉलेजबाहेर गेला तर प्रकल्प रद्द, म्हणजे माझं वर्ष वाया.

आधी मी इंग्रजीत झकास मेल लिहिला होता, तुमचं खातं बंद होणार म्हणून. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग मराठीत लिहिलं, कर्मचारी पतसंस्थेची दिवाळीची साखर, सभासदांनी त्वरित नोंद करावी. ‘त्वरित’ मी आईला विचारून घातलं.

वीस जणांना पाठवला होता. जेवणाच्या सुट्टीत मोजलं तर सव्वीस जणांनी पासवर्ड टाकला होता. मला वाटलं, माझाच प्रोग्राम बिघडला. बाहेर येऊन बघते तर काकांनी मेलची प्रिंट काढून, वर ऑफिसचा गोल शिक्का मारून बोर्डावर लावलेली. लिंक ही लांबलचक. वडूजचे वॉचमन, फौजेतून निवृत्त झालेले, कवायतीच्या आवाजात एकेक अक्षर वाचत होते आणि सगळे मोबाइलवर टाइप करत होते. “सुभेदार, दमानं, आमी काय पलटणीत न्हाई,” असं कुणीतरी म्हणालं. गर्दीत आम्हाला पासवर्डची सुरक्षा शिकवणारे सरही होते. साखर माणशी आहे की घरटी, एवढीच त्यांची शंका होती.

मी खांबाला टेकून मनातल्या मनात नाचत होते. इतकं छान माझ्या कुठल्याच प्रकल्पात घडलं नव्हतं.

तेवढ्यात काकांनी प्रिंटचा फोटो काढला.

“शिराळ्याला दाजींना टाकतो. त्यांच्या शाळेत लय जणं हायेत.”

म्हणजे मेल कॉलेजबाहेर चालला होता. दोन वर्षांत त्या ऑफिसात मी “सर, सही” यापलीकडे काही बोलले नव्हते. माझं मराठी ऐकून लोक हसतील, ही भीती इंग्रजी माध्यमाच्या शाळेपासूनची. काकांचा अंगठा दाजींचं नाव शोधत खाली सरकत होता. मी गर्दीत घुसले आणि त्यांच्या मोबाइलवर सरळ हात ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, सरसुद्धा.

“काका, पाठवू नका. साखरबिखर काही नाहीये. तुम्हा सगळ्यांना मी फसवलंय.”