बाबूंनी उत्तरासाठी सोडलेली जागा

बातमी रविवारी सकाळी आली. मी अकोल्यात होतो. चुलतबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आदल्या दिवशी झालेलं, अंगणातल्या सतरंज्या झटकत होतो आणि तायडेबाबूंच्या मुलीचा, स्वातीचा, फोन आला. "प्रवीणदादा, बाबा गेले." चिखलदऱ्याहून परतवाड्याला आणताना, घाटातच... मग तिनं विचारलं, "काल सायंकाळी हॉटेलातून तुमाले फोन लावत होते ते. लागला होता का?" मी काहीतरी पुटपुटलो. दीड महिना झाला. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात तायडेबाबू शिष्यवृत्तीच्या खिडकीमागं बसायचे. मी बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, अर्ज परत आला आणि मी वसतिगृहातली पेटी उचलून गावी निघालो होतो. खिडकीतून आवाज आला, "कुठी चालला बे पेटी घेऊन? जेवला का?" मी नाही म्हणालो. त्यांनी आपल्या डब्यातली भाकर दिली आणि मी खात असताना तहसीलला स्वतः फोन लावला. पुढं मी पदवीधर झालो, त्याच कार्यालयात त्यांच्या शेजारच्या टेबलावर लागलो, तेव्हा कळलं की ती विचारपूस त्यांची कामाची पद्धतच होती. आधी जेवण, मग कागद. "पयल्या एसटीनं आलेलं पोरगं उपाशी असते," ते म्हणायचे, "अन् उपाशी पोरगं भलत्याच रकान्यात सही करते."

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. सलग चार दिवसांची रजा त्यांनी कधी घेतली नव्हती. स्वातीनं हट्टानं चिखलदऱ्याचं ठरवलं, पण नेमके अर्जांचे दिवस, बाबूंचा पाय निघेना. तेव्हा मीच पुढं झालो. म्हटलं, ईमेलवर आणि टेबलावरच्या फोनवर निरोप ठेवू, तुम्ही नसलात तरी प्रत्येकाला उत्तर जाईल. मी टाइप केलं: 'मी रजेवर आहे, सोमवारी उपलब्ध असेन.' बाबूंनी चष्मा वर करून वाचलं. "हे वाचून अकोटची पोरगी काय करन? माही रजा तिच्या काय कामाची?" मग त्यांनी कोणते दाखले लागतात ते सगळं लिहायला लावलं. शेवटी 'तुमचा अर्ज अडणार नाही, घाबरू नका' आणि खाली माझा मोबाइल नंबर. सोमवारी निरोप आपोआप बंद व्हावा म्हणून मी तारीख टाकून ठेवली.

फोनवरचा निरोप त्यांच्याच आवाजात भरायचा होता. मी बटण दाबलं. "बोला, तायडे बोलून रायलो," म्हणाले आणि थांबले. मग, "जेवण झालं का?" पुन्हा थांबले. मला हसू आवरेना. "बाबू, समोर कोणी नाही. सलग बोला."

"अरे पन तो तिकडून बोलन ना. त्याचं बोलनं मी काहून तोडू?"

तीनदा भरलं, तिन्ही वेळा त्यांनी समोरच्यासाठी जागा सोडली. शेवटी तसंच ठेवलं. "मी चार दिवस नाही. काम अडलं असन तर प्रवीणले फोन करा. तो उचलते." मग माझा नंबर, सावकाश, एकेक आकडा. निघताना दारात वळून म्हणाले, "उचलशीन ना?" मी म्हणालो, "तुम्ही बिनघोर जा, बाबू."

दोन दिवस मी प्रत्येक फोन उचलला. शनिवारी साक्षगंधाला अकोल्याला आलो. सायंकाळी फोटोसाठी सगळे रांगेत उभे असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी ऐकला नाही असं नाही. तिन्ही वेळा फोन हातात घेऊन पाहिला. कुणीतरी विद्यार्थी असेल, सोमवारी बघू, असं मनात म्हटलं आणि खिशात टाकला. बाबूंच्या मोबाइलला चिखलदऱ्यात रेंज नव्हती. ते हॉटेलच्या काउंटरवरून बोलत होते.

सोमवारी टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. आधी चार विद्यार्थ्यांचे निरोप. पाचवा बाबूंचा. मी उचलला नाही म्हणून त्यांनी पाठ असलेला दुसरा नंबर लावला होता, कार्यालयाचा. स्वतःचाच निरोप पूर्ण ऐकून, मग बोलले होते. "प्रवीण, दुपारपासून छातीत जड वाटून रायलं. तुह्या काकूले सांगतलं नाही, घाबरन ते. तुहा दोस्त डॉक्टर हाय ना परतवाड्याले, त्याले इचारून ठेव. सकाळी उतरतो आमी..." मग थोडा श्वास. "गडबडीत असशीन. जेवून घेजो."

मी त्या मित्राला विचारलं. शनिवारीच खाली आणलं असतं तर? तो म्हणाला, "सांगता येत नाही, यार." त्यानं सरळ 'नाही' म्हटलं असतं तर मी आज झोपू शकलो असतो. 'हो' म्हटलं असतं, तरी निदान एका जागी उभा राहिलो असतो.

स्वाती, फोन लागला होता. मी उचलला नाही.

ईमेलवरचा निरोप ठरल्या दिवशी आपसूक बंद झाला. फोनवरचा तसा बंद होत नाही, हातानं पुसावा लागतो. त्या खुर्चीवर आता मी बसतो. प्राचार्यांनी दोनदा सांगितलं, तुमच्या आवाजात नवीन निरोप भरा. मी बटणावर बोट ठेवतो आणि काढून घेतो. परवा अकोटची एक मुलगी खिडकीवर येऊन म्हणाली, "सर, फोनवरच्या काकानं जेवली का इचारलं. मी हो म्हनलं, तर लगेच 'बरं' म्हनले." बाबू तसं म्हणालेलेच नाहीत, पण मी तिला काही सांगितलं नाही. आधी तिला खरंच जेवली का ते विचारलं.

कार्यालय बंद झाल्यावर मी बसस्टँडवरून तो नंबर लावतो. "बोला, तायडे बोलून रायलो." मी म्हणतो, बाबू, मी प्रवीण. "जेवण झालं का?" नाही बाबू... मग ते वाक्य येतं. प्रवीणले फोन करा. तो उचलते. एकेक आकडा सांगून होतो, आणि बाबू थांबतात, समोरच्याला नंबर लिहून घ्यायला लागतो तेवढा वेळ.