विकाल म्हणजे विकतचं नव्हे

जवळ ये वं, दारातूनच काहून हसून राहिली? आजीला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तर लंकेच्या बाईशी बोलली कशी, म्हणे! पुण्याला शिकायला गेली म्हणून आजीची परीक्षा घेतेस का? बस इथं. ऐक.

सत्तर सालाच्या आगेमागे मी नवी सून होते. नागपुरात जरीपटक्याजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा पूर, आणि त्या वर्षी लंकेहून यात्रेकरू आलेले! विहारात ठरलं, एकेका घरी एकेक पाहुणी उतरवायची. सगळ्यांत आधी माझा हात वर. घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "बोलशील कोणत्या भाषेत वं? टाळ्या वाजवून?"

बोलायचं पुढं बघू, म्हटलं, आधी जेवू तर घालू. गोळाभात केला, कढी केली, पुरण वाटलं. शेजारणीचं पितळी ताट मागून आणलं.

पाहुणी आली ती दिवस मावळताना. साठीची, अंगावर पांढरं शुभ्र पातळ, चेहरा हसरा. अख्खी गल्ली दारात जमली. मी पाट मांडला, ताट वाढलं. बाईनं हात जोडले आणि ताट हळूच मागं सरकवलं.

सासूचा चेहराच उतरला. आमच्या हातचं पाणी न घेणारी माणसं तिनं अर्धं आयुष्य पाहिलेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "समुद्रापलीकडूनही तेच आलं का वं?"

तेवढ्यात बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "विकालभोजना वेरमणी."

अगं, हे तर मला पाठ! पौर्णिमेला अष्टशील घेताना आम्ही हेच म्हणायचो. पाली भाषा ती, अर्थ कोणी सांगितला नव्हता, म्हणून मीच लावलेला. विकाल म्हणजे विकतचं, ते खायचं नाही! त्यापायी पौर्णिमेला मी हॉटेलच्या भज्यांना हात लावत नव्हते.

मी आनंदानं ओरडलेच, "अवं बाई, हे विकतचं नाही! माह्या हातचं हाय!" तिला ओढत चुलीपाशी नेलं, पाटा-वरवंटा दाखवला, बोटांची हळद दाखवली. ती आपली मान हलवते, "विकाल, विकाल." मी आणखी जोरात, "विकतचं नाही वं!"

शेजारीण दारातून म्हणते, "आता गहू पेरून दाखव तिले!"

शेवटी बाईनंच मला अंगणात नेलं. मावळत्या सूर्याकडं बोट केलं, मान हलवली, नाही. मग बोट थेट डोक्यावर नेलं, तोंडाशी घास नेल्यासारखं केलं आणि हसली. तिथवर चालतं! आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. वि-काल! वेळ टळल्यावरचं जेवण! दुपार कलली की ती जेवत नव्हती.

मी आत धावले. "आपल्या घरचं नको असं नाही म्हणत ती, वेळ टळली म्हणते!"

सासू डोळे पुसत म्हणाली, "मग सांगायले काय झालं होतं तिले?"

"सांगूनच तर राहिली होती!"

घरात काटोलची संत्री होती. रस चालतो, हे खुणेनं कळलं. बाईनं आपल्या रुमालातून तो गाळून घेतला आणि सासूच्या हातचा पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. सासू तिच्या गळ्याकडंच बघत होती.

सकाळी ऊन अंगणात येताच ताट वाढलं. भाताला बोट लावून ती म्हणाली, "बत्!" आम्ही म्हटलं, "भात!" मिरचीला ती म्हणाली, "मिरिस!" मग काय, घरातलं एकेक उचलून दाखवायचं आणि हसायचं. त्यानंतर वर्षानुवर्षं लंकेचे पाहुणे नागपुरात उतरले की आमची गल्ली विचारत यायचे. हॉटेलात त्यांचं बत् कोणाला कळणार?

टांग्यात बसताना बाईनं माझा हात धरला. "अपे गेदर एन्न."

"ये ना म्हणते वं ती," सासू म्हणाली. पुढं विहारातल्या भन्तेजींनी सांगितलं, खरंच तोच अर्थ. आमच्या घरी ये.

लंकेला जायचं माझं राहूनच गेलं. पुणं तर एका रात्रीच्या गाडीवर आहे. आता परत गेलीस तरी एन्न वं, संत्री झाडावर आहेत तोवर पुन्हा ये. आणि दुपारच्या आत पोच, गोळाभात तयार ठेवते.