उलट्या अंगानं फुंकलेला जेट

युद्धाच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे साताऱ्यात वकिली करणाऱ्या माझ्या काकांची जुनी मोटार बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडमध्येच उभी असायची. माधवनगरला आत्याच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा काकांनी जपून ठेवलेला पेट्रोलचा डबा टाकीत रिकामा केला. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि इंजिनाच्या एका कारखान्यात तीन महिने उमेदवारी करून आलो होतो. त्या तीन महिन्यांबद्दल मी घरात इतकं बोललो होतो, की काकांनी ड्रायव्हर घेतलाच नाही. मागच्या सीटवर काकू आणि लाडवांची टोपली.

कराड मागे पडलं. कासेगावच्या अलीकडे मोटारीला दोनदा ठसका लागला आणि मग ती उभीच राहिली.

"कचरा अडकलाय," मी बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं. नशिबानं ते खरं निघालं. डब्यातला गंज पेट्रोलबरोबर कार्बुरेटरपर्यंत पोचला होता. मी पान्यानं जेट काढला. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून पेट्रोल पुढे जातं. उन्हाकडे धरून पाहिलं तर पलीकडचं काही दिसेना.

काकूंनी अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला.

"अजिबात नको," काका म्हणाले. "तार घातली की भोक मोठं होतं. मोटारीच्या पुस्तकात लिहिलंय."

"मग काय करावं म्हणतंय पुस्तक?"

"फुंकावं."

मी फुंकलं. कानांत दडे बसले, पण भोक मोकळं होईना. मग काकांनी फुंकलं. त्यांच्या मिशांना पेट्रोल लागलं, तशी काकूंनी त्यांच्या खिशातली विडी-काडेपेटी काढून आपल्या पिशवीत टाकली. "पेटाल," एवढंच म्हणाल्या.

आमची तिसरी पाळी चालली असताना मागून एक बैलगाडी आली. गाडीत एक सनईवाला आणि त्याचा संबळ वाजवणारा मेव्हणा होता. आम्ही दोघं आळीपाळीनं पितळेचा तुकडा तोंडाला लावतोय हे बघून सनईवाला खाली उतरला.

"काय वाजिवताय, रावसाहेब?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं, जरा जास्तच. त्यानं ऐकून घेतलं, जेट दोन्ही बाजूंनी निरखला आणि विचारलं, "पेट्रोल कंच्या अंगानं शिरतंय?"

मी दाखवलं.

"आन् तुमी फुकताय कंच्या अंगानं?"

मी तीच बाजू दाखवली.

"मग कचरा आत ठासतोय की गड्या. शिरला तिकडनंच भायेर यील न्हवं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे.

सनईवाल्यानं जेट उलटा धरून ओठांत घेतला. गाल फुगले, नाकानं श्वास चालू, आणि फुंकर काही तुटेना. बारीक शीळ ऐकू आली. त्यानं तोंड वाकडं करून थुंकलं, जेट उन्हाकडे धरला आणि काकूंना म्हणाला, "बगा, आक्का. उजेड आला."

जेट बसवला. हँडल मारल्याबरोबर मोटार चालू झाली. सनईवाला मात्र सावलीवरून वेळ बघायला लागला. पेठजवळच्या एका गावात त्याची लग्नाची सुपारी होती आणि आमच्या पायी मुहूर्त जवळ आला होता. काकांनी त्याला मोटारीत घेतलं. मेव्हणा गाडीबरोबर मागून येणार होता.

त्या गावात मोटार शिरली तशी कुणीतरी मोठा अंमलदार आला असं समजून पाटील सामोरे आले. काकांनी खरं सांगायचा दोनदा प्रयत्न केला, तोवर त्यांच्या डोक्याला फेटा बांधून झाला होता. काकूंची खणानारळानं ओटी भरली. सनईवाल्यानं सनईची पत्ती ओठांत घेतली आणि पहिल्याच सुराला शहारला.

"राकेलागत लागतंय," तो हळूच मला म्हणाला. पण लगेच असा वाजवू लागला, की अक्षता पडेपर्यंत आम्हाला उठवेना.

माधवनगरला पोचलो तेव्हा दुसरी पंगतही उठली होती. आत्यानं काकांच्या फेट्याकडे पाहिलं.

"कुणाच्या लग्नाला जाऊन आलास, दादा?"

काका घाईघाईनं फेटा सोडायला लागले. काकू लाडवांची टोपली उतरवता उतरवता म्हणाल्या, "नाव विचारायचं राहिलं बाई. पण नवरी गोड होती."