काकीने शेत जाळलं नाही

मोठा म्हणवणाऱ्या त्या दिग्दर्शकाने माझ्या काकीला फसवलं. तेही मला मध्ये घालून.

त्याचा पहिला सिनेमा आमच्या मुरबाडकडच्या पाड्यावर झाला. तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. जेवण, टेम्पो, जनरेटर सगळं मी पुरवलं, आणि प्रत्येक गोष्टीत घासाघीस केली. धंदाच आहे माझा. काकीने मात्र एकच अट घातली. आमच्याकडे पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजतात. तो राब. दिग्दर्शकाला सिनेमासाठी काकीच्या राबाच्या ज्वाळा हव्या होत्या.

"राब हाय तर राबच सांग. भलतं काय नको रे," काकी म्हणाली.

त्याने तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. साक्षीला मी.

सिनेमात काय, तर दुःखाने वेडी झालेली म्हातारी स्वतःचं पिकलेलं भात पेटवते. तेही एक वेळ सोडलं असतं. पण नाव झाल्यावर हा जिथे तिथे सांगत सुटला, की त्या बाईला शेत जाळताना मी या डोळ्यांनी पाहिलं आणि दिग्दर्शक झालो. आता त्याच्या जीवनावर पुस्तक आलंय. त्यातही तेच, काकीच्या फोटोसकट.

बाजारात बाया विचारतात, "काय गो, यंदा किती जाळलंस?" पिकतं भात जाळणारी, आमच्यात याहून वाईट नाव नाही. काकीने बाजाराला जाणं सोडलंय.

परवा शहापुरात त्याचा सत्कार होता. मी रांगेत उभा राहून त्याला गाठलं.

"अरे, शेठ! तुमच्या मटणाची चव अजून जिभेवर आहे."

"चव राहू द्या. काकीने शेत कधी जाळलं?"

तो हसला. "सिनेमाची भाषा वेगळी असते, शेठ."

"पुस्तक म्हणजे सिनेमा नाय ना?"

माझा खांदा थोपटून तो पुढच्या माणसाकडे वळला. कार्यकर्ते मला बाजूला घ्यायला लागले. मी आवाज चढवला, चढवणारच.

काकी अजून धडधाकट आहे. यंदाही तिने राब भाजलाय. त्याने पाड्यावर यावं, तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, कुठल्या शेतातलं भात जळताना पाहिलं? आणि ज्याने हे छापलं, त्याने तिला एकदा तरी का विचारलं नाही, याचं उत्तर त्यानेही द्यावं.