पायाळू देवाजी आणि माझी कंबर

माझ्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा मी हवालदार होतो. पोस्टिंग भामरागडच्या पुढे, जंगलातल्या कॅम्पवर. पहाटे साडेपाचला फॉल-इन, सहाला गस्त, पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची जड पिशवी. मी राजुऱ्याचा, शिंप्याच्या घरातला.

आधी कंबर नुसती धरायची. एमआय रूमच्या, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने बोटाने पाठ दाबली, मसल पेन लिहिलं, गोळ्या दिल्या. फिट फॉर ड्यूटी. चार वेळा गेलो, चारही वेळा तेच. एकदाही एमआरआयची फिल्म काढायला पाठवलं नाही.

सेक्शनमध्ये नाईक देवाजी होता, चिमूरकडचा ढिवर, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातला. जन्मताना पाय आधी आलेला, म्हणजे पायाळू. पायाळूने लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे सगळे मानतात. अर्धी कंपनी त्याच्यापुढे पाठ करून उभी राहायची. मीही राहिलो.

त्याने आधी हात फिरवला. "रफिकभाऊ, पाठ लाकडावानी लागून राह्यली. मले भेव वाटते."

मी सीनियर होतो. मार म्हटलं ना, म्हणून खेकसलो. त्याने मारली. पाठ क्षणभर मोकळी वाटली आणि डावा पाय गुडघ्याखाली बधिर झाला.

दुसऱ्या दिवशी एमआय रूमने पुन्हा फिट ठरवलं. कंपनी कमांडर म्हणाले, फौजी की कमर नहीं दुखती. देवाजी स्वतःचा पिट्टू पाठीवर आणि माझा छातीवर घेऊन चालू लागला. माझ्या पिट्टूचं बकल तुटलं होतं, म्हणून छातीवरचा पट्टा त्याने गाठ मारून बांधला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी नाला आला. वर पाऊस झाला होता. आडवा दोर बांधून, तो धरून एकेक जण उतरलो. मधोमध माझा बधिर पाय घसरला. देवाजीने दोर सोडून मला दोन्ही हातांनी काठाकडे ढकललं. पाण्याने त्यालाच नेलं.

"एक जवान पाण्यात. ओव्हर." वायरलेस सेटवर एवढंच बोललो.

दीड वाजता खालच्या गावच्या ढिवरांनी त्याला बाहेर काढलं. छातीवरची गाठ सुटली नव्हती.

पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फिल्म दाखवली. मणक्यांमधली गादी फुगून शिरेवर आली होती. तिला हलू द्यायचं नाही म्हणून भोवतीचे स्नायू आवळून उभे होते. ते म्हणाले, दुखणं स्नायूंचं नव्हतंच, स्नायू तर पहाऱ्यावर होते. आणि मी पहारेकऱ्यालाच लाथ मारायला लावली. आता मणक्यालगतचे ते स्नायू वाळलेत. माझा राग मात्र वाळत नाही, एमआय रूमवरचा नाही आणि स्वतःवरचा तर नाहीच.

चौकशीत मी सांगितलं, दुसरा पिट्टू माझा होता. ते लिहून घेतलं नाही. कागदावर आलं, जवानाला पोहता येत नव्हते. ढिवराच्या पोराला!

तो कागद घेऊन त्याची आई माझ्यासमोर बसली. "असं काऊन लिवलं, भाऊ? तो चालाच्या आधी पोहे."

मी तिला सगळं सांगितलं. लाथ, पाय, पिट्टू, गाठ. तिने कागदाची घडी घातली. मग तिने विचारलं, "आता कशी हाये कंबर?"

इतक्या वेळा जाऊनही एमआय रूममध्ये मला कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांचा कागद त्यांच्यापाशी राहो, मी इथे लिहितो. नाईक देवाजीला पोहता येत होतं.