साडूभाऊंचं अर्थिंग

या जगात जे काही बिघडतं ते अर्थिंग नीट नसल्यामुळेच बिघडतं, असं शपथेवर सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण धसईला दिली आहे, तिचे हे यजमान. पावसाळ्यात भातशेती करायची आणि उरलेलं वर्ष गाड्यांचं वायरिंग, त्यातही गाडीत गाणी मोठ्यानं वाजावीत म्हणून जो अ‍ॅम्प्लिफायर बसवतात त्याचं. मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत ज्या जीपचा आवाज जीप दिसायच्या आधी येतो, तिच्या डिकीत आमच्या साडूभाऊंनी कधीतरी डोकं घातलेलं आहे असं खुशाल समजावं. त्यांना स्वतःला गाण्यातलं काडीचं कळत नाही. गिऱ्हाईक खुशीत येऊन मान डोलवायला लागलं की ते त्याला गप्प करतात. "गानं कुठलं पन लाव रे. मी गानं ऐकत नाय, मी व्होल्टेज बघतो."

दारात गाडी आली तरी ते गाडीकडे बघत नाहीत. आधी मालकाला ओट्यावर बसवून त्याची उलटतपासणी होते. अ‍ॅम्प्लिफायरवरचा बिघाडाचा लाल दिवा कधी लागतो? गाडी उभी असताना की चालताना? आवाज वाढवल्यावर की खड्ड्यात आदळल्यावर? ही सवय इतकी मुरली आहे की माणसंही त्यातून सुटत नाहीत. एकदा ते शहापूरला आमच्याकडे आले तेव्हा माझी कंबर धरली होती. त्यांनी विचारलं, "सारखी दुखते का मधून मधून?" मी म्हटलं, मधून मधून. "मंग लूज कनेक्शन हाय, घाबरू नका मास्तर," असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी दोन एक्स-रे काढून जवळजवळ हेच सांगितलं, याचा मला अजून राग आहे.

तपासायचा त्यांचा क्रम ठरलेला. आधी बॅटरीजवळचा फ्यूज, मग जाड लाल वायरीवर मीटर, मग टेपकडून अ‍ॅम्प्लिफायरला जागं करायला येणारी बारीक वायर, आणि शेवटी काळी वायर. ती गाडीच्या पत्र्याला बोल्टानं आवळलेली असते. तेच अर्थिंग. इथे पोचले की शांत साडूभाऊ एकदम पेटतात. "रंगावर बोल्ट आवळलाय! रंगातून करंट जातो काय रे?" आणि कानस घेऊन ते बंद्या रुपयाएवढा रंग खरवडून खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासतात. मालकाच्या जिवाचं पाणी होत असतं, त्याकडे त्यांचं लक्ष नसतं. वैशाखऱ्याच्या एका जीपवाल्यानं शहरात दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलून हात टेकले होते. साडूभाऊंनी सीटमागचा रंग खरवडायला घेतला तेव्हा तो डोकं धरून खाली बसला. पाच मिनिटांनी असा आवाज निघाला की शेजारच्या कोंबड्या कौलांवर गेल्या.

सापगावच्या लग्नात तर त्यांनी जेवण अर्धं टाकलं. नवरानवरीच्या सजवलेल्या गाडीत गाण्याबरोबर कूंऽऽ असा आवाज येत होता आणि गाडीचा वेग वाढला की कूंही वाढत होतं. कुणीतरी जाड लाल वायर आणि टेपची वायर एकाच बाजूनं नेल्या होत्या. झालं! साडूभाऊंनी एक डाव्या बाजूनं, दुसरी उजव्या बाजूनं, असा घाट घातला. अर्धा तास नवरा मुंडावळ्या बांधून बाहेर उभा. वधूची आई रडायची थांबून घड्याळ बघायला लागली. शेवटी नवऱ्यानं विचारलं, "काका, बिनगाण्याचं गेलं तर चालंल काय?" यावर त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला शाळेत बत्तीस वर्षांत जमली नाही.

असा हा माणूस गेल्या वर्षी स्वतःच्या लेकीच्या गाडीपुढे हरला. आमची भाची नर्स आहे. तिला जुन्नरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि तिनं आधीच्या कमाईतून पांढरी, कोरी गाडी घेतली. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याआधी आठवडाभरात साडूभाऊंनी तिच्यात स्वतःच्या हातानं अ‍ॅम्प्लिफायर बसवला. आवाज वाढवला की लाल दिवा लागायचा आणि सगळं बंद. त्यांनी फ्यूज बदलला, लाल वायर बदलली, शेवटी अ‍ॅम्प्लिफायरच बदलला. दिवा लागतोच. वर फर्मान काढलं की हा दिवा असताना गाडी माळशेज घाटात जाणार नाही. शनिवारी मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, तुमी या. हे जेवत नायत, आन ती म्हनते मी बसनं जाते."

मी भूगोल शिकवतो. तरी गेलो. साडूभाऊ डिकीजवळ मीटर घेऊन बसले होते. भाची म्हणाली, "काका, बाबांनी सगळं बघितलं. अर्थिंग सोडून."

"अर्थिंग मी दिलंय," साडूभाऊ म्हणाले. "त्यात काय बघायचं गो?"

ती डिकीत वाकली आणि तिनं बोल्ट सोडवला. खाली पांढरा रंग जसाच्या तसा. एक ओरखडा नाही. मला कंबरेचा सूड घ्यायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी विचारलं, "काय साडूभाऊ, रंगातून करंट जातो का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हाईत हाय मास्तर. पयल्या दिवशीच म्हाईत होतं. कानस हातात घेतलेली. तिची पयली गाडी. हात नाय धजला."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. भाचीनं बापाच्या पेटीतून कानस काढली आणि स्वतःच रंग खरवडला. तेवढा वेळ साडूभाऊ पाठ फिरवून कुंपणाशी उभे राहिले. दिवा पुन्हा लागला नाही. रविवारी सकाळी ती गाणी लावून निघून गेली.

त्यानंतर महिन्या दोन महिन्यांनी तिचा फोन येतो, बाबा, परत लाल दिवा लागतोय. साडूभाऊ एस.टी. पकडून घाट चढतात. परवा मुरबाडच्या स्टँडवर भेटले, तेव्हा पिशवीत मीटर आणि तिच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी म्हटलं, "अहो, मग नवीनच बसवून टाका की."

"दिवा कुठचा लागतोय?" ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलते. मी मीटर लावला ना. बरोबर बारा पॉइंट आठ."

"मग जाता कशाला?"

"बोलावते ना," असं म्हणून ते गाडीत चढले आणि खिडकीजवळची जागा धरून बसले. जुन्नरची एस.टी. गेली तरी मी तिथेच थोडा वेळ उभा होतो. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या घरी कधी काहीच बिघडत नाही.