काकूंपाशी उरलेला शब्द

शब्दकोशाच्या कचेरीत ज्याने उभी हयात घातली, त्याला गल्ली 'कोशकाका' म्हणणार नाही तर काय म्हणणार? घरातलं दूध संपलंय हे या गृहस्थांना कधी कळलं नाही, पण 'सेट' या टीचभर इंग्रजी शब्दाचे अर्थ झोपेतही सांगतील! कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, जेली सेट होते, पोरगा परदेशात सेट होतो.

"अगं, मुळात ही दोन वेगळी घराणी," जेवताना ते बायकोला सांगत. "एक जुना इंग्रजी, बसवणं या अर्थाचा. दुसरा फ्रेंचांकडून आला, मंडळी, कंपू अशा अर्थाने. पुढे दोघं एकाच नावाने नांदायला लागले."

"आपल्यासारखेच की! आता जेवा मुकाट्याने," काकू म्हणायच्या.

आणि त्याच काकूंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एकच शब्द. "सेट." देवाला जनाची नाही, निदान मनाची तरी असावी!

"त्या शब्दात आता अर्थ शोधू नका," डॉक्टर बजावून गेले. "तोंडात तेवढाच राहिलाय. त्यांच्याकडे बघा." पण काका ऐकतात कुठले? शब्दाला अर्थ नाही म्हणजे काय? कचेरीतली रीत त्यांच्या हाडीमाशी भिनलेली: शब्द जिथे जिथे आला तिथली एकेक चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या जुळवायच्या, अर्थ सापडतोच.

मग एके दिवशी काकू "सेट! सेट!" करत डाव्या हाताने गादी बडवायला लागल्या. काकांनी माळ्यावरचा कपबशांचा सेट उतरवला. कानातल्यांचा सेट दाखवला. टीव्ही लावला, केस विंचरले. काकू मान हलवायच्या आणि रडायच्या. काका चिठ्ठी लिहायचे. दिवसामागून दिवस हेच. स्वयंपाकाला येऊन राहिलेली मेव्हणी पदराने डोळे पुसायची.

शेवटी काकांचं अवसान गळालं. "मला येत नाही गं! मला काही येत नाही!" त्यांनी चिठ्ठ्या भिरकावल्या आणि पायथ्याशी बसून बायकोच्या पावलांवर डोकं टेकलं.

काकू किंचाळल्या.

काकांनी घाबरून चादर ओढली. डाव्या पायातला मोजा टाचेला चिकटला होता. पाण्याने भिजवत भिजवत त्यांनी तो सोडवला. त्या एकाच धड पायाने अंग रेटून रेटून टाच पार सडली होती. पाय मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

"सेट," काकू हळूच म्हणाल्या.

मेव्हणी धावत आली. "काय झालं भावोजी? काय म्हणतेय ताई?"

"दुखतंय म्हणतेय," काका म्हणाले. "इतके दिवस हेच म्हणत होती गं."